कोलोत खाजवता येत नाही

साठी उलटल्यावर माणूस प्रेमात पडला तर कुणी केस काळे करतो, कुणी दात बसवून घेतो. ग्रादिमिर आंघोळीला लागला.

खरं तर दोष त्याचा नव्हता, ओब्रादचा होता. ओब्राद हा त्याचा कूम. म्हणजे ग्रादिमिरच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर त्याच्या प्रत्येक भानगडीत नाक खुपसायचा हक्क मिळवलेला माणूस. ग्रादिमिरची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिसा नदीवर फेरीबोट चालवण्यात त्याचा जन्म गेला, मग पेन्शन आली, आणि आता मंगळवारी आणि गुरुवारी सांस्कृतिक भवनात म्हातार्‍यांचा कोलो नाच बसवायचे, तिथे तो जायचा. तिथेच त्याच्या डाव्या हाताला स्मिल्याना उभी राहायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, विधवा, बारीक अंगाची. हसायला लागली की थांबायची नाही. तिचा हात हातात आला की ग्रादिमिरला पावलं मोजता यायची नाहीत.

"सांगून टाक की तिला," ओब्राद म्हणाला.

"सांगीन. पेत्रोवदानच्या सणाला, जत्रेत."

"जत्रेत कशाला? आज काय झालं?"

"जत्रेनंतर ती मुलीला कळवणार आहे, परदेशात तिच्याकडे लिंत्सला कायमची राहायला जायचं की नाही ते. त्याच्या आत सांगतो. पण जरा तयारी करू दे."

ओब्रादने त्याला वरून खाली न्याहाळलं, मग नाक वर करून दोनदा हुंगलं. "तयारी करच. राग मानू नकोस कूम, पण आपल्या वयात अंगाला वास यायला लागतो. आपला आपल्याला कळत नाही. बायकांना कळतो."

झालं! त्या दिवसापासून ग्रादिमिर हात धुऊन आंघोळीच्या मागे लागला.

त्याची आंघोळ म्हणजे साधंसुधं काम नव्हतं. आधी गिझरचं बटण फिरवायचं आणि त्याचा लाल दिवा विझेपर्यंत बाहेर दबा धरून बसायचं. मग कोंबडीची पिसं सुटून येतील इतक्या कढत फवार्‍याखाली उभं राहायचं, ते गिझर रिता होऊन थंड पाणी डोक्यावर पडेपर्यंत. साबण आत्याने चरबी आणि कॉस्टिक सोडा उकळून घरी केलेला, विटेएवढी वडी. त्यावर काथ्याची घासणी. घासणीने अंग लाल होत नाही तोवर माणूस स्वच्छ झाला असं मानायचं नाही, हे आईने लहानपणी पक्कं केलं होतं. हे सगळं खिडक्या-दारं घट्ट लावून. कारण ओल्या अंगावर आरपार वारा आला, प्रोमाया लागला, की मान धरते, मूत्रपिंडं जातात, तोंड वाकडं होतं. हे त्या गावात पाळण्यातलं पोरही सांगेल. म्हणून अंग करकर वाजेपर्यंत टॉवेलने पुसायचं, आणि वर मेंढीच्या लोकरीची बंडी. जुलै महिन्यात.

आठवडाभर त्याला फार छान वाटलं. मग पोटर्‍यांवर पांढरा कोंडा दिसायला लागला. मग कमरेभोवती खाज सुटली, आणि तिथून ती पाठीवर चढली. कातडीवर भेगा दिसू लागल्या, पाणी ओसरल्यावर तिसाच्या काठचा चिखल तडकतो तशा. ग्रादिमिर दाराच्या चौकटीला पाठ घासायचा, अंगणातल्या अक्रोडाला घासायचा. शेजारच्या येल्काआजीने एकदा कुंपणावरून विचारलं, "ग्रादो, झाड पाडायचं असलं तर कुर्‍हाड देऊ का?"

दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. ग्रादिमिरने मात्र सरळ हिशोब केला, की ज्या अर्थी अंग खाजतंय त्या अर्थी मळ अजून शिल्लक आहे. आणि त्याने सकाळ-संध्याकाळच्या जोडीला दुपारची आंघोळ सुरू केली.

आता कोलोची एक अडचण आहे. कोलोत सगळे एकमेकांचे हात धरून रांगेत नाचतात. उजवा हात उजवीकडच्याकडे गहाण, डावा डावीकडच्याकडे. बाकी जगात माणसाला कुठेही, केव्हाही खाजवता येतं. कोलोत येत नाही.

त्या मंगळवारी अकॉर्डियन सुरू झालं आणि ग्रादिमिरच्या दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, जिथे माणसाचा हात तसाही पोचत नाही, तिथे आग पेटली. त्याने दात आवळले. मग डावा खांदा वर, उजवा खाली, मधून कमरेला एक झटका, असं करून बंडीच्या लोकरीवरच पाठ घासून घेतली. काय सुख झालं! पुढच्या फेर्‍याला पुन्हा घासली. त्याच्या उजवीकडच्या बाईला वाटलं नवी स्टेप शिकवली आहे, आपलं लक्ष नव्हतं. तिने खांदे उडवले. तिच्या पलीकडच्याने उडवले. बघता बघता सगळी रांग पाठीला खाज सुटल्यासारखी वळवळायला लागली, आणि अकॉर्डियनवाला खूश होऊन ओरडला, "वा! वा! हीच ठेवू, जत्रेत हीच ठेवू!"

पण खांद्यांनी भागेना. खाज बरगडीवर उतरली तसा ग्रादिमिरने स्मिल्यानाच्या हातातून आपला हात हिसकून घेतला, करकरा खाजवलं आणि परत दिला. जरा वेळाने पुन्हा हिसकला. आणि पुन्हा.

नाच थांबल्यावर ती त्याच्याजवळ आली. हसत नव्हती.

"ग्रादिमिर, माझा हात नकोसा झाला असेल तर तसं सांगा. मी काही लहान मुलगी नाही."

"नाही हो स्मिल्यानाबाई! काहीतरीच काय!"

"मग?"

खाज सुटली आहे म्हणावं तर तिला वाटणार, खरूज आहे. हा आख्ख्या वस्तीला खरूज वाटत फिरतोय. ग्रादिमिरच्या तोंडचं पाणी पळालं. "हात जरा... अवघडला होता," तो म्हणाला.

"माझ्याच हातात बरा अवघडतो," ती म्हणाली, आणि गुरुवारी ती रांगेत दुसरीकडे नाचणार्‍या ओब्रादच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ग्रादिमिरला त्या दिवशी खाजेचंसुद्धा भान राहिलं नाही, इतकं वाईट वाटलं. घरी जाऊन तो पायरीवर बसला आणि जत्रा चार दिवसांवर आली आहे, ती लिंत्सला निघून जाईल, आणि आपण इथे अक्रोडाला पाठ घासत मरू, असं सगळं एका दमात त्याच्या डोळ्यांसमोर आलं. सकाळी उठून तो दवाखान्यात गेला.

कातडीच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. डॉक्टर एमेशे, पलीकडच्या हंगेरियन गल्लीतल्या. त्यांनी त्याची बंडी काढायला लावली, पाठ बघितली आणि हलकेच शीळ घातली.

"काका, तुम्ही आंघोळ कशी करता?"

ग्रादिमिरने छाती पुढे काढून सगळं साग्रसंगीत सांगितलं. गिझर, कढत पाणी, आत्याचा साबण, काथ्याची घासणी, सकाळ-दुपार-संध्याकाळ. डॉक्टर एमेशेंनी कपाळाला हात लावला.

"ही आंघोळ नाही काका. डिसेंबरात डुक्कर कापल्यावर त्याचे केस काढायला तुम्ही हेच करता."

"म्हणजे मी पुरेसा स्वच्छ नाही?"

"अहो, तुम्ही जिल्ह्यातले सगळ्यात स्वच्छ गृहस्थ आहात! तेच तर दुखणं आहे. कातडीला स्वतःचं तेल असतं, ते तिला राखतं. तुम्ही ते तीनतीनदा उकळून, खरवडून काढताय. ती कोरडी पडली, तडकली, म्हणून खाजतेय. नीट ऐका. आंघोळ दिवसातून एकदा. पाणी कोमट. तुमचं आवडतं गाणं संपलं की नळ बंद. साबण काखेत आणि जिथे मी सांगायची गरज नाही तिथे. बाकी अंगाला नुसतं पाणी. घासणी फेकून द्या. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच हे मलम चोपडायचं. लोकर बंद, सुती सदरा. खिडकी उघडी ठेवा, वाफ जाऊ दे."

ग्रादिमिरने फक्त दोनच गोष्टी ऐकल्या. "ओलसर अंग," तो म्हणाला, "आणि खिडकी उघडी?"

"उघडी."

"डॉक्टर, तुमची आई आहे ना?"

"आहे की."

"तिला माहीत आहे, तुम्ही लोकांना हे सांगता ते?"

डॉक्टर एमेशे खदखदून हसल्या. "ती तर माझं काहीच ऐकत नाही. केस ओले असले तर मला कचर्‍याची पिशवी टाकायलासुद्धा बाहेर जाऊ देत नाही. पण काका, आजवर प्रोमायाने मेलेला एकही माणूस माझ्याकडे आलेला नाही."

"मेल्यावर कसा येईल?" ग्रादिमिर म्हणाला. पण स्मिल्यानासाठी तो मरायलाही तयार होता, त्यामुळे घरी जाऊन त्याने सांगितलं तसं केलं. कोमट पाण्याखाली उभा राहिला, तर आपण काहीतरी अर्धवट सोडतोय असं वाटत राहिलं. गाणं त्याने जाणूनबुजून लांबवलं, शेवटचं कडवं दोनदा म्हटलं. मग खिडकी उघडली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओल्या अंगाने वार्‍यात उभा राहून मूत्रपिंडं जायची वाट बघत राहिला. ती गेली नाहीत. उलट मलम लावल्यावर जे गार वाटलं, त्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसर्‍या दिवशी भेगा मऊ पडल्या. तिसर्‍या दिवशी अक्रोडाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

फक्त मलमाची नळी डॉक्टरबाईंनी साध्या मापाच्या माणसाला पुरेल एवढी दिली होती, आणि ग्रादिमिरची पाठ म्हणजे फेरीबोटीवर दोन ट्रॅक्टर शेजारीशेजारी मावतील अशी. पेत्रोवदानच्या दुपारी नळी पिळून, लाटून, कापून झाली, तरी पाठ कोरडीच. सणामुळे औषधांचं दुकान बंद. त्यातून जीव टांगणीला लागलेला, त्यामुळे कमरेपाशी पुन्हा चुणचुण सुरू झाली.

"डॉक्टरीण नेमकं काय म्हणाली?" जत्रेचा सदरा घालून आलेल्या ओब्रादने विचारलं.

"साधं, चोपडं काहीतरी, अंग ओलसर असताना लावायचं."

ओब्राद फडताळाकडे गेला आणि चरबीचा डबा घेऊन आला. ती चरबी साधी नव्हती. हिवाळ्यात च्वार्त्सी तळतात, म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, त्या कढईच्या तळाची होती. तपकिरी, खमंग, ब्रेडवर लावून वर लाल तिखट भुरभुरवलं की स्वर्ग.

"हिला वास आहे रे," ग्रादिमिर म्हणाला.

"चांगला वास आहे. वळ तिकडे."

असे ते दोघे बाथरूमच्या उघड्या खिडकीत उभे. ग्रादिमिर कमरेला टॉवेल लावून, हात भिंतीला टेकून, आणि ओब्राद बाह्या सरसावून ओंजळीओंजळीने चरबी थापतोय. समोरच्या खिडकीत येल्काआजी बसलेली असणार हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

"ओब्राद!" आजीने हाक मारली. "काय करतोयस रे त्याला?"

"औषध लावतोय आजी!"

"लाव, लाव. मीठ घातलंस का? आणि भट्टी पेटवली का?" मग एकदम तिचा आवाज चढला. "अरे पण ती खिडकी लावा, गाढवांनो! प्रोमायाने मराल दोघंही!"

चर्चच्या मागच्या मैदानात जत्रा भरली होती. कढयांत मासे रटरटत होते, पोरं कलिंगडं खात होती, ऊन अजून चांगलं कडक होतं. ग्रादिमिर पांढर्‍याशुभ्र सुती सदर्‍यात मैदानात शिरला तेव्हा त्याच्यामागे एक कुत्रं होतं. जरा पुढे गेल्यावर तीन झाली. ओब्राद मागून "हाड! हाड!" करत येत होता, पण मैदानात शिरल्यापासून कुत्र्यांची वरातच लागली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत ग्रादिमिरबद्दल जो आदर होता तसा कोणा माणसाने आजवर दाखवला नव्हता.

स्मिल्याना रांगेत उभी होती. लाल विणीचा पट्टा, पांढरा एप्रन, हातांत मात्र पातळ पांढरे हातमोजे. ओब्राद तिच्या शेजारच्या जागेपाशी पोचला, आणि अचानक त्याचा गुडघा धरला. "आई गं! ग्रादो, तू घे बाबा माझी जागा." इतका वाईट अभिनय त्या मैदानात पूर्वी कोणी केला नसेल. स्मिल्यानाने ग्रादिमिरकडे पाहिलं. हातमोजे काढून तिने पट्ट्यात खोचले, कारण मोजे घालून कोलो नाचत नाहीत, आणि नाइलाजाने हात पुढे केला.

अकॉर्डियन सुरू झालं. आणि काय सांगायचं! खाज नाही. पाठ नाही, बरगड्या नाहीत, काही नाही! नुसता नाच, आणि तिचा हात. ग्रादिमिर पिसासारखा हलका झाला. खांदे उडवायची ती स्टेप आली तसं आख्खं गाव वळवळलं, पाद्रीसुद्धा वळवळले, आणि ग्रादिमिर त्या सगळ्यांत मोठ्याने हसला. आता हा फेरा संपला की सांगायचं, असं त्याने ठरवलं.

पण चरबीला ऊन लागलं की ती पातळ होते. पाठीवरची खांद्यावर आली, खांद्यावरची बाहीतून कोपरावर, कोपरावरची मनगटावर. कोलोने वेग घेतला, पावलं दणादणा पडायला लागली, आणि नेमक्या त्याच क्षणी साबणाची वडी निसटावी तसा स्मिल्यानाचा हात त्याच्या मुठीतून सुळकन निसटला. रांग तुटली. ती चार पावलं बाजूला भेलकांडली आणि उभी राहिली. बाकीचे नाचत पुढे निघून गेले.

"बस," ती म्हणाली. "पुरे झालं हे, ग्रादिमिर. उद्या मी मुलीला फोन करते. येते म्हणून सांगते."

"मी सोडला नाही!" ग्रादिमिर एवढ्या मोठ्याने ओरडला की अकॉर्डियनवाल्याने मान वळवली. "देवाशपथ सोडला नाही! निसटला तो!"

ती तळहाताकडे बघायला लागली. तळहात उन्हात चकाकत होता. एवढ्यात सगळ्यांत पुढचं कुत्रं आलं आणि त्याने तो मन लावून चाटला. स्मिल्यानाने तो हात ओढून घेऊन नाकाशी नेला.

"च्वार्त्सी?"

मग ग्रादिमिरने सगळं सांगितलं. ओब्रादने हुंगलं तिथपासून सुरुवात केली, मग आत्याचा साबण, कढत पाणी, काथ्या, खाज, डॉक्टरीण, संपलेली नळी, उघडी खिडकी. काही लपवलं नाही. लपवायला अंगावर काही राहिलंच नव्हतं, सदरा चरबीने पारदर्शक झाला होता.

"माझ्यासाठी," स्मिल्याना हळूहळू म्हणाली, "तुम्ही अंगाला चरबी फासून आलात."

"आधी आंघोळ केली. फार आंघोळ केली हो."

"पण वास येतो म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ओब्रादने."

"त्या ओब्रादला सर्दी आहे, एकोणीसशे ऐंशीपासून!" तिच्या तोंडून एक हुंदका निघाला, मग कळलं की तो हुंदका नव्हता. ती हसायला लागली होती, पोट धरून, वाकून, आणि थांबेचना. हसता हसताच डोळे पुसायला हात वर नेला, तेव्हा ग्रादिमिरला तो नीट दिसला. बोटं लाल होती, पेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या.

"हे काय झालं?"

तिने हात मागे लपवला, मग पुन्हा पुढे केला. "तुम्ही हात सोडवून घ्यायचात. मला वाटलं, माझे हात म्हातारे झाले, खरखरीत झाले. म्हणून घासले. लिंबाने घासले, व्हिनेगरने घासले, वज्रीने घासले. रोज. जितके घासले तितके बिघडले." आणि मग जरा लाजून म्हणाली, "तुमच्या चरबीने आत्ता फार बरं वाटतंय, खरं सांगायचं तर."

ग्रादिमिरने पाठ केलेलं भाषण होतं. त्यातला एक शब्द आठवेना. "लिंत्सला जाऊ नका," तो म्हणाला. "माझ्याजवळ राहा. मला तुमच्याशिवाय करमत नाही."

कोलोची रांग फिरून परत त्यांच्यासमोर येत होती. तिने एप्रनला हात पुसायचा विचार केला, मग सोडून दिला, आणि पुढे होऊन ग्रादिमिरच्या कमरेचा चामडी पट्टा मुठीत पकडला. जुन्या काळी तसाच धरायचे, हात नव्हे, शेजार्‍याचा पट्टा. हल्ली कोणी धरत नाही.

"आता निसटून दाखव," ती म्हणाली. "धर माझाही. घट्ट धर. आणि लिंत्सला आपण जाऊ नाताळात, चार दिवस. तूही चल. पण च्वार्त्सी डब्यात घालून ने, अंगाला लावून नको."

रांगेने त्यांना ओढून घेतलं. ती आपल्याला 'तू' म्हणाली, हे ग्रादिमिरच्या ध्यानात यायला अर्धा फेरा गेला. आलं आणि त्याचा पाय चुकला. पडलाच असता, पण तिच्या मुठीत पट्टा होता.